विजेचा हिशेब : दाब, प्रवाह, रोध आणि शक्ती

महाराष्ट्रात विजेचा इतिहास शंभर वर्षांहून अधिक जुना आहे. 1915 साली खोपोली येथील टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि सह्याद्रीच्या पावसावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. 1960 मध्ये राज्याबरोबरच महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले, 1962 मध्ये कोयना प्रकल्पाची वीज मिळू लागली आणि हळूहळू तारा गावोगाव पोहोचल्या. 2005 मध्ये मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. या प्रदीर्घ वाटचालीत वीज ही गावाच्या नित्य व्यवहाराची वस्तू झाली. पाणीपुरवठ्याचा पंप, रस्त्यावरील दिवे, शाळेतील संगणक, पिठाची गिरणी, दूध संकलन केंद्र या सर्वांचा कारभार तिच्यावर चालतो आणि त्याचे बिल बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीला, संस्थेला किंवा शेतकऱ्याला भरावे लागते.

तथापि, वीज वापरणे आणि विजेचा हिशेब समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटच्या खांबावरील दिवे संध्याकाळी मिणमिण का करतात? पंपाची मोटार उन्हाळ्यातच वारंवार का जळते? स्वस्त म्हणून घेतलेली बारीक तार पुढे महाग का पडते? पंपाच्या लोखंडी पत्र्यात वीज उतरली तरी फ्यूज का जात नाही? या प्रश्नांची उत्तरे वायरमनच्या अंगठ्यावर सोपविण्याची पद्धत सर्वत्र आढळते. वस्तुतः दोन लहान सूत्रे आणि साधा गुणाकार-भागाकार एवढ्या सामग्रीवर ही उत्तरे कोणत्याही शिक्षकाला किंवा पंचायत सदस्याला काढता येतात. ती कशी काढावयाची, हे या लेखात क्रमाने पाहावयाचे आहे.

चार राशींची ओळख

विजेच्या हिशेबात चार राशी येतात. पहिली वीजदाब. तो व्होल्टमध्ये मोजतात. दुसरी वीजप्रवाह. तो अँपिअरमध्ये मोजतात. तिसरी रोध, म्हणजे तार अथवा उपकरण प्रवाहाला करीत असलेला अडथळा. तो ओहममध्ये मोजतात. चौथी शक्ती, म्हणजे दर सेकंदाला किती काम होते अथवा किती उष्णता निर्माण होते याचे माप. ती वॅटमध्ये मोजतात.

कालव्याच्या पाण्याचा अनुभव असलेल्यास या राशी समजावयास कठीण नाहीत. धरणातील पाण्याची उंची म्हणजे दाब, पाटातून वाहणारे पाणी म्हणजे प्रवाह आणि पाटाचा अरुंदपणा, गाळ व लांबी म्हणजे रोध. पाट जितका लांब आणि अरुंद, तितके शेवटच्या टोकाच्या बागायतदाराच्या वाट्याला पाणी कमी. रोहित्रापासून, म्हणजे बोलीभाषेतील डीपीपासून, निघालेल्या तारेच्या शेवटच्या टोकावरील ग्राहकाची स्थिती नेमकी अशीच असते. मात्र एक फरक लक्षात ठेवावयास हवा. पाण्याला परतीची वाट लागत नाही, विजेला लागते. प्रवाह एका तारेने येतो व दुसऱ्या तारेने परत जातो. म्हणून तारेची लांबी मोजताना अंतर नेहमी दुप्पट धरावे लागते.

ओहमचा नियम

दाब, प्रवाह आणि रोध यांचा संबंध जॉर्ज सायमन ओहम या जर्मन शिक्षकाने शोधला. ते कलोन येथील शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असत. त्या काळातील विद्युत घटांचा दाब सारखा बदलत असल्याने प्रयोगात अडचण येई. म्हणून त्यांनी दोन भिन्न धातूंच्या सांध्यांमध्ये तापमानाचा फरक ठेवून स्थिर दाब मिळविला आणि निरनिराळ्या लांबीच्या तारांतून प्रवाह मोजला. त्यांचा ग्रंथ 1827 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रारंभी त्याची उपेक्षा झाली. परंतु 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ले पदक देऊन गौरविले. रोधाच्या एककाला आज त्यांचेच नाव आहे.

नियम असा : तापमान कायम असताना धातूच्या तारेतील प्रवाह दाबाच्या प्रमाणात वाढतो. दाब दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट होतो. यावरून पहिले सूत्र मिळते.

रोध = दाब ÷ प्रवाह

हेच सूत्र फिरवून प्रवाह = दाब ÷ रोध, आणि दाब = प्रवाह × रोध, असेही मांडता येते. तिन्हींपैकी कोणत्याही दोन राशी ठाऊक असल्या की तिसरी मिळते. उदाहरणार्थ, 230 व्होल्ट दाबावर एखादी शेगडी 10 अँपिअर प्रवाह घेत असेल, तर तिच्या तारेचा रोध 230 ÷ 10 = 23 ओहम.

‘तापमान कायम असताना’ हे शब्द शिक्षकांनी वर्गात आवर्जून सांगावेत. जुन्या पद्धतीच्या 100 वॅटच्या दिव्याची तार पेटलेल्या स्थितीत सुमारे 529 ओहम रोध दाखविते. तोच दिवा थंड असताना मोजला तर रोध त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. तार तापली की तिचा रोध वाढतो. नियम खोटा ठरत नाही. त्याची अट मोडलेली असते.

शक्ती आणि युनिट

दुसरे सूत्र शक्तीचे.

शक्ती = दाब × प्रवाह

वरील शेगडीची शक्ती 230 × 10 = 2,300 वॅट. उलट बाजूने, 2,000 वॅटचा पाणी तापविण्याचा हीटर 230 व्होल्टवर किती प्रवाह घेईल? 2,000 ÷ 230 = सुमारे 8.7 अँपिअर. म्हणजे 5 अँपिअरच्या लहान सॉकेटला तो जोडणे धोक्याचे आहे, हे भागाकारानेच कळते.

पहिले सूत्र दुसऱ्यात घातले की आणखी दोन रूपे मिळतात : शक्ती = प्रवाह × प्रवाह × रोध, आणि शक्ती = दाब × दाब ÷ रोध. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, हा शोध इंग्लंडमधील जेम्स जूल यांनी 1841 मध्ये प्रसिद्ध केला. गावातील विजेच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या ‘चौपट’ शब्दात आहे.

शक्तीला वेळेने गुणले म्हणजे ऊर्जा मिळते आणि बिल ऊर्जेचे असते. 1,000 वॅट शक्ती एक तास वापरली की एक युनिट होते. एखाद्या गावात 40 खांबांवर प्रत्येकी 100 वॅटचे दिवे रोज 11 तास जळतात असे मानू. 40 × 100 × 11 = 44,000 वॅट-तास, म्हणजे रोज 44 युनिट आणि 30 दिवसांच्या महिन्यात 1,320 युनिट. त्याच ठिकाणी 20 वॅटचे एलईडी दिवे बसविल्यास महिन्याचा वापर 264 युनिट होईल. बिलावरील आकडा या हिशेबापासून फार दूर असेल, तर दिवे दिवसाही चालू राहतात काय, खांबावरून कोणी आकडा टाकला आहे काय, किंवा मीटरमध्ये दोष आहे काय, याची चौकशी करण्यास आधार मिळतो.

मीटरची ढोबळ परीक्षाही करता येते. आजच्या मीटरवर एक लहान दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला किती लुकलुकी, हा आकडा मीटरवरच छापलेला असतो. तो 3,200 असेल, तर बाकी सर्व उपकरणे बंद ठेवून 1,000 वॅटची एकच शेगडी लावली असता मिनिटाला सुमारे 53 लुकलुकी दिसावयास हव्यात. मात्र त्या वेळी दाब 230 ऐवजी 210 व्होल्ट असेल, तर शेगडीची शक्तीच सुमारे 834 वॅट होते आणि लुकलुकी 44 च्या आसपास येतात. दाब न पाहता मीटरला दोष देऊ नये.

वर्गात करावयाचा प्रयोग

हा पाठ फळ्यावर संपविण्याऐवजी प्रयोगाने शिकविल्यास विद्यार्थ्यांच्या मनात ठसतो. त्यासाठी बॅटरीचे 1.5 व्होल्टचे तीन घट, 10 ओहमचा एक रोधक, एक अँपिअरमापी आणि एक व्होल्टमापी पुरेसे आहेत. अँपिअरमापी प्रवाहाच्या वाटेत, म्हणजे एकसरीत जोडावा. व्होल्टमापी रोधकाच्या दोन टोकांना, म्हणजे समांतर जोडावा. अँपिअरमापी सरळ घटाच्या दोन टोकांना कधीही जोडू नये. त्याचा स्वतःचा रोध अत्यल्प असल्याने प्रवाह एकदम वाढतो आणि उपकरण बिघडते. ही चूक का घडते, हेदेखील पहिल्याच सूत्रावरून विद्यार्थ्यांना सांगता येईल.

एक घट जोडला असता दाब सुमारे 1.5 व्होल्ट आणि प्रवाह 0.15 अँपिअर येईल. दोन घटांना 3 व्होल्ट व 0.30 अँपिअर, तीन घटांना 4.5 व्होल्ट व 0.45 अँपिअर. तिन्ही वेळा भागाकार 10 येतो. प्रत्यक्ष वाचन थोडे कमी भरेल, कारण घटालाही स्वतःचा अंतर्गत रोध असतो. आता शक्ती काढावी : 0.225 वॅट, 0.9 वॅट आणि 2.025 वॅट. दाब तिप्पट झाला, पण शक्ती नऊपट झाली. म्हणूनच या प्रयोगाला 5 वॅट क्षमतेचा रोधक वापरावा. बाजारात मिळणारा पाव वॅटचा बारीक रोधक तिसऱ्या घटाला जळेल. घरातील 230 व्होल्टच्या विजेवर असा प्रयोग विद्यार्थ्यांकडून कोणत्याही परिस्थितीत करवून घेऊ नये.

तारेत हरवणारी वीज

तारेचा रोध तीन गोष्टींवर अवलंबून असतो : लांबी, जाडी आणि धातू. लांबी दुप्पट झाली की रोध दुप्पट होतो. छेदाचे क्षेत्रफळ दुप्पट झाले की रोध निम्मा होतो. एक मीटर लांब व एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध सामान्य तापमानाला सुमारे 0.0172 ओहम, तर तेवढ्याच ॲल्युमिनियमच्या तारेचा सुमारे 0.0282 ओहम असतो. ॲल्युमिनियम स्वस्त व हलके असले, तरी तेवढेच काम करण्यासाठी त्याची तार सुमारे दीडपटीहून अधिक जाड घ्यावी लागते.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. गावातील समाजमंदिर खांबापासून 100 मीटर दूर आहे. तेथे रोज पाच तास 15 अँपिअर प्रवाह लागतो. पैसे वाचविण्यासाठी 4 चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार ओढली. जाण्याची व येण्याची मिळून लांबी 200 मीटर. रोध = 0.0282 × 200 ÷ 4 = 1.41 ओहम. तारेत गळणारा दाब = 15 × 1.41 = सुमारे 21 व्होल्ट. खांबावर 230 व्होल्ट असले, तरी समाजमंदिरात 209 व्होल्टच मिळतील. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती = 15 × 15 × 1.41 = सुमारे 317 वॅट.

तीच तार 10 चौरस मिलिमीटरची घेतली असती, तर रोध 0.564 ओहम, दाबातील घट सुमारे 8.5 व्होल्ट आणि वाया जाणारी शक्ती सुमारे 127 वॅट झाली असती. दोहोंतील फरक 190 वॅट. रोजचे पाच तास धरून वर्षाला सुमारे 347 युनिट. ही वीज मीटरमधून जाते, बिलात येते आणि केवळ तार तापविण्यात खर्च होते. बिलावरील दराने या युनिटांना गुणावे आणि दोन तारांच्या किमतीतील फरकाशी तुलना करावी. दरपत्रके मागविताना केवळ खरेदीची किंमत पाहिली जाते. तार मात्र वीस-पंचवीस वर्षे राहते. हा हिशेब खरेदीच्या टिपणीत दोन ओळींत मांडता येण्यासारखा आहे.

सैल जोडाचा धोका

तारेचा रोध तिच्या संपूर्ण लांबीत विभागलेला असतो. म्हणून तिची उष्णताही पसरलेली असते. सैल जोडाचे तसे नसते. पिळलेल्या, गंजलेल्या किंवा स्क्रू ढिला झालेल्या एखाद्या जोडात केवळ अर्धा ओहम रोध निर्माण झाला आणि त्यातून 15 अँपिअर प्रवाह गेला, तर तेथे 15 × 15 × 0.5 = 112 वॅटहून अधिक उष्णता एकाच बिंदूत निर्माण होते. डाख देण्याचे विजेचे लहान हत्यार 25 वॅटचे असते आणि तेवढ्यात शिसे-कथिल वितळते. मग 112 वॅटला लाकडी फळी, प्लॅस्टिकची पट्टी अथवा छपराचे गवत काय टिकणार? विशेष म्हणजे अशा वेळी प्रवाह वाढलेला नसतो, त्यामुळे फ्यूज जात नाही. सॉकेटचा काळवंडलेला भाग, जळका वास, हात लावल्यावर गरम लागणारा खटका या खुणा दिसताच पुरवठा बंद करून जोड नव्याने करून घ्यावा. शाळा, अंगणवाडी व आरोग्य उपकेंद्र यांच्या इमारतींत ही तपासणी वर्षातून एकदा तरी व्हावयास हवी.

दाब उतरला असता

दाब कमी झाल्यास उपकरणे दोन परस्परविरुद्ध प्रकारे वागतात. हा भेद कळला म्हणजे मोटार जळण्याचे कारण आपोआप उलगडते.

पहिला प्रकार शेगडी, हीटर यांचा. 230 व्होल्टवर 2,000 वॅटच्या हीटरचा रोध 26.45 ओहम असतो. दाब 180 व्होल्टवर आला तर प्रवाह 180 ÷ 26.45 = 6.8 अँपिअर होतो आणि शक्ती सुमारे 1,225 वॅट. दाब सुमारे पाचव्या हिश्श्याने उतरला, पण शक्ती जवळजवळ दोन-पंचमांशाने घटली. पाणी तापावयास वेळ लागेल. हीटर मात्र सुरक्षित राहील.

दुसरा प्रकार पंपाच्या मोटारीचा. तिला ठरावीक खोलीवरून ठरावीक पाणी उचलावयाचे असते. दाब कमी झाला म्हणून विहीर वर येत नाही. काम तेवढेच राहिल्याने मोटार दाबाची उणीव अधिक प्रवाह ओढून भरून काढते. पाच अश्वशक्तीच्या तीन फेजच्या मोटारीचा हिशेब पाहा. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट. म्हणून पाच अश्वशक्ती म्हणजे 3,730 वॅट. मोटारीची कार्यक्षमता 80 टक्के धरल्यास तिला सुमारे 4,660 वॅट पुरवावे लागतात. तीन फेजसाठी शक्तीचे सूत्र असे :

शक्ती = 1.73 × दाब × प्रवाह × शक्तिगुणक

शक्तिगुणक, म्हणजे व्यवहारातील पॉवर फॅक्टर, 0.8 धरला तर 415 व्होल्टवर प्रवाह सुमारे 8.1 अँपिअर येतो. दाब 330 व्होल्टवर उतरला की तो सुमारे 10.2 अँपिअर होतो. कमी दाबाला कार्यक्षमता व शक्तिगुणकही बदलतात, म्हणून हा आकडा अंदाजाचा आहे. दिशा मात्र निश्चित आहे. प्रवाह सव्वापट झाला म्हणजे वेटोळ्यांतील उष्णता दीडपटीहून अधिक, सुमारे 1.58 पट झाली. वेटोळ्यांवरील आवरण ही उष्णता फार काळ सोसू शकत नाही. उन्हाळ्यात पाण्याची पातळी खोल गेलेली असते, एकाच रोहित्रावर अनेक पंप चालतात आणि हवा तापलेली असते. तिन्ही कारणे एकत्र आली की मोटार जळते आणि ऐन पाण्याच्या दिवसांत ती वेटोळी बदलण्यासाठी तालुक्याच्या गावी न्यावी लागते.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, स्टार्टरवरील ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवरील प्रवाहाएवढा लावावा आणि तो वारंवार पडतो म्हणून कधीही बाद करू नये. तो पडणे हा मोटारीचा बचाव असतो. दुसरा, योग्य क्षमतेचा कपॅसिटर जोडावा. शक्तिगुणक 0.8 वरून 0.95 पर्यंत सुधारला, तर वरील मोटारीसाठी तारेतून येणारा प्रवाह 8.1 वरून सुमारे 6.8 अँपिअरवर येतो आणि तारेतील उष्णतेचा अपव्यय सुमारे 29 टक्के घटतो. मोटारीच्या वेटोळ्यांतील प्रवाह कपॅसिटरने थेट कमी होत नाही. पण तारेत दाब कमी गळल्याने मोटारीला तो अधिक मिळतो, आणि हा लाभ त्या तारेवरील सर्वांनाच होतो. तिसरा उपाय ऑटोस्विच टाळण्याचा. मोटार सुरू होताना काही क्षण नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह घेते. वीज परत येताच ऑटोस्विचमुळे सर्व पंप एकाच क्षणी सुरू झाले, तर रोहित्रावर असह्य भार पडतो, दाब कोसळतो, मोटारींना वेग घेता येत नाही आणि हा वाढीव प्रवाह वाहतच राहतो. त्यात रोहित्र जळले तर नुकसान एका शेतकऱ्याचे राहत नाही, साऱ्या शिवाराचे होते. पंप पाळीपाळीने सुरू करण्याचा ठराव गावाने केल्यास त्याला एक पैसाही खर्च येत नाही.

उच्च दाबाचे प्रयोजन

दूरवर वीज नेताना दाब एवढा वाढवितात तो कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. उत्तर त्याच सूत्रांत आहे. 100 किलोवॅट शक्ती पोहोचवावयाची आहे, असे समजू. फेजांचा तपशील बाजूला ठेवला, तर 230 व्होल्टवर त्यासाठी सुमारे 435 अँपिअर लागतील. 11,000 व्होल्टवर केवळ 9.1 अँपिअर. प्रवाह सुमारे 48 पट कमी झाला, म्हणून त्याच तारेतील अपव्यय सुमारे 2,300 पट कमी होतो. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राकडून पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटर जाणारी वाहिनी पाच लाख व्होल्ट दाबाची आहे, ती याच कारणाने.

गावातही हेच तत्त्व लागू पडते. एका मोठ्या रोहित्रावरून लांबच लांब कमी दाबाच्या तारा नेऊन वीस-पंचवीस पंप चालविले की अपव्यय वाढतो व टोकाचा दाब उतरतो. 11,000 व्होल्टची वाहिनी शेतापर्यंत नेऊन तेथे एक-दोन पंपांसाठी लहान रोहित्र बसविले की हे दोन्ही दोष कमी होतात. कृषिपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणालीची योजना राज्याने 2018 मध्ये हाती घेतली, तिच्यामागील गणित हेच आहे.

अर्थिंग : प्राण वाचविणारा हिशेब

सर्वांत महत्त्वाचा हिशेब शेवटी. पंपाच्या किंवा कूलरच्या पत्र्यात वीज उतरली, तर अर्थिंगच्या तारेने प्रवाह जमिनीत जावा, तो मोठा असावा आणि फ्यूज उडावा, अशी अपेक्षा असते. अर्थिंगच्या संपूर्ण वाटेचा रोध 2 ओहम असेल, तर प्रवाह 230 ÷ 2 = 115 अँपिअर होईल आणि 16 अँपिअरचा फ्यूज तत्काळ जाईल. पण खड्डा कोरडा पडला, जोड गंजला आणि रोध 20 ओहम झाला, तर प्रवाह 230 ÷ 20 = 11.5 अँपिअर. फ्यूज जाणारच नाही. पत्रा जिवंत राहील आणि त्याला हात लावणाऱ्याची वाट पाहील. फ्यूजमध्ये जाड तार अथवा तारांचा जुडगा घातलेला असेल, तर स्थिती आणखी बिकट होते.

मनुष्याच्या शरीराचा रोध कोरड्या त्वचेला बराच असतो; ओल्या हातापायांनी तो सुमारे 1,000 ओहमपर्यंत खाली येतो. मग शरीरातून जाणारा प्रवाह 230 ÷ 1,000 = 0.23 अँपिअर, म्हणजे 230 मिलिअँपिअर होतो. हृदयाची लय बिघडण्यास याहून बराच कमी प्रवाह पुरतो. 16 अँपिअरच्या फ्यूजला हा प्रवाह कळतही नाही. फ्यूज तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. म्हणूनच गळती ओळखून 30 मिलिअँपिअरला तोडणारा खटका, ज्याला बाजारात आरसीसीबी म्हणतात, शाळा, अंगणवाडी व पाणीपुरवठ्याच्या खोलीत बसविणे अगत्याचे आहे. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. पुरवठा तुटला नाही, तर खटका बदलावा. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा व मीठ घालून उन्हाळ्यात पाणी ओतत राहावे आणि त्याचा रोध परवानाधारक तंत्रज्ञाकडून मोजून घ्यावा.

पंचायतीने करावयाच्या गोष्टी

वरील विवेचनातून ग्रामपंचायतीसाठी काही सोपी कामे निष्पन्न होतात. पंचायतीच्या प्रत्येक वीजजोडणीवरील उपकरणांची यादी, त्यांचे वॅट व रोजचे तास यांची एक वही ठेवावी आणि दरमहा बिलाशी ताळा घालावा. रोहित्राजवळ व शेवटच्या खांबावर, सकाळी आणि संध्याकाळी, दाब किती मिळतो याची नोंद वायरमनच्या साहाय्याने घ्यावी. दाब कमी असल्याची तक्रार करताना ‘वीज कमी येते’ असे न लिहिता तारीख, वेळ, ठिकाण व व्होल्टचे आकडे लिहावेत. अशा तक्रारीची दखल घेणे संबंधितांनाही सोपे जाते. नवीन तार घेताना अंतर, प्रवाह व दाबातील घट यांचा हिशेब टिपणीत जोडावा. सार्वजनिक इमारतींचे जोड, अर्थिंग व खटके पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावेत. मात्र वाहिन्यांवरील व पेटीतील प्रत्यक्ष काम परवानाधारक व्यक्तीनेच करावे. हिशेब सर्वांनी करावा, हत्यार जाणकारानेच हाती घ्यावे.

हा ताळा घालण्याचे काम शाळेतील वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांकडे शिक्षकांच्या देखरेखीखाली सोपविता येईल. वही, पेन्सिल आणि गावाचे बिल एवढेच साहित्य त्यास लागते. त्यातून ओहमचा नियम पाठ करावा लागणार नाही. तो वापरात येईल. आणि पंचायतीच्या सभेत मोटार पुन्हा का जळली, असा प्रश्न निघाला, तर उत्तर देण्यास एखादा नववीतला मुलगा किंवा मुलगीही उभी राहू शकेल.